हाताखाली हात

हे वाचताना घरात जो कोणी जवळ असेल त्याला डोळे मिटायला सांगा. त्याच्या पंजावर आपला पंजा ठेवा, बोटं धरा आणि त्याचा हात नेऊन एखाद्या गार, ओलसर वस्तूवर टेकवा. सोललेलं केळं, दह्याची वाटी, काहीही चालेल. हात आखडेल, मनगट ताठ होईल. आता उलटं करून पाहा. आधी आपला हात त्या वस्तूवर ठेवा आणि त्याला आपल्या हातावर हात ठेवू द्या. तुमची बोटं वस्तू चाचपतील, त्याचा हात तुमच्या हातावर बसून सोबत येईल, आणि मनात येईल तेव्हा एखादं बोट खाली उतरवून तो स्वतः ती वस्तू शिवून पाहील. नको वाटली तर बोट परत वर घेईल.

ज्यांना दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही अशांसोबत काम करणारे लोक पहिल्या पद्धतीला ‘हॅण्ड ओव्हर हॅण्ड’ म्हणतात आणि दुसरीला ‘हॅण्ड अंडर हॅण्ड’. मराठीत साधंच म्हणू या: हातावर हात आणि हाताखाली हात. बधिरांध माणसाचे हात हेच त्याचे डोळे, तेच कान आणि पुष्कळदा तेच तोंड. ते वरून पकडले की एका झटक्यात त्याचे डोळे झाकले जातात आणि तोंड दाबलं जातं. मदतीच्या भरात आपण नेमकं हेच करतो. म्हणून या कामाचं प्रशिक्षण घेणाऱ्याला आधी आपला हात खाली ठेवायला आणि वाट पाहायला शिकावं लागतं. ऐकायला सोपं वाटतं, पण मूल दहा सेकंद काहीच करत नाही तेव्हा शिकाऊ शिक्षकाचा हात आपोआप वर येतो. ती सवय मोडायला महिने लागतात.

बधिरांध म्हटलं की पूर्ण काळोख आणि पूर्ण शांतता डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात बहुतेकांना थोडं दिसतं किंवा थोडं ऐकू येतं. कुणाला समोरचा चेहरा अरुंद नळीतून पाहिल्यासारखा दिसतो, कुणाला फक्त उजेड कळतो, कुणाला श्रवणयंत्र लावलं की दाराची घंटा ऐकू येते. जागतिक बधिरांध महासंघाच्या २०१८ च्या अहवालात लोकसंख्येच्या सुमारे ०.२ टक्के लोकांना तीव्र बधिरांधत्व असल्याचं म्हटलं आहे. सौम्य प्रकार धरले तर हे प्रमाण २ टक्क्यांवर जातं. आपल्या २०११ च्या जनगणनेत त्यांच्यासाठी वेगळा रकानाच नव्हता. ‘एकाहून अधिक अपंगत्व’ या एकाच रकान्यात २१ लाख माणसं मोजली गेली आणि बधिरांध त्यात मिसळून गेले. अहमदाबादची सेन्स इंटरनॅशनल इंडिया ही संस्था देशात किमान पाच लाख बधिरांध व्यक्ती असाव्यात असं धरून चालते.

बधिरांधत्व म्हणजे बधिरत्व आणि अंधत्व यांची बेरीज नाही, हे समजून घेणं फार गरजेचं आहे. अंध मुलाचं सगळं शिक्षण कानांच्या भरवशावर चालतं आणि बधिर मुलाचं डोळ्यांच्या. एक वाट बंद झाली की दुसरी तिचं काम अंगावर घेते. इथे दोन्ही वाटा अरुंद आहेत, त्यामुळे अंधांचा शिक्षक आणि बधिरांचा शिक्षक शेजारी शेजारी बसवले म्हणून बधिरांधांचा शिक्षक तयार होत नाही. पाळण्यातलं मूल दिवसभर कितीतरी गोष्टी न शिकवता शिकतं. आई उठली, कपाटाकडे गेली, दुधाचं पातेलं वाजलं, आता दूध येणार. बधिरांध मुलाच्या बाबतीत यातलं काहीच पोचत नाही. दूध कुठूनही न येता एकदम ओठांशी येतं. आई नाहीशी होते आणि परत हजर होते. अचानक कुणीतरी उचलतं, अंगावर पाणी पडतं. असं मूल ओरडतं, चावतं, स्वतःला मारतं, आणि आपण त्याला हट्टी किंवा वेडं ठरवून मोकळे होतो. त्याच्या जागी कुणीही असंच वागलं असतं.

या कामाची पहिली मोठी शाळा अमेरिकेत, बॉस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत भरली. १८३७ मध्ये सात वर्षांची लॉरा ब्रिजमन तिथे आली. लाल ज्वरामुळे दोन वर्षांची असतानाच तिची नजर आणि श्रवण गेलं होतं. संस्थेचे प्रमुख सॅम्युअल ग्रिडली हाव यांनी चमचा, किल्ली अशा रोजच्या वस्तूंवर उठावाच्या अक्षरांची लेबलं चिकटवली आणि वस्तूला नाव असतं ही गोष्ट तिच्या बोटांपर्यंत पोचवली. हेलन केलरच्या अर्धशतक आधीची ही गोष्ट आहे, आणि हेलनच्या कथेचा पाया इथेच घातला गेला. कारण पुढे याच शाळेत शिकलेली, स्वतःची नजर अधू असलेली, गरीबखान्यातून आलेली, हेलनची भावी शिक्षिका ॲन सलिव्हन शाळेत लॉरा राहत होती त्याच घरात राहिली आणि बोटांनी तळहातावर अक्षरं काढायला शिकली. हेलनच्या घरी, अलाबामाला निघण्यापूर्वी तिने हाव यांचे लॉराविषयीचे जुने अहवाल काही महिने बसून वाचले. सोबत नेलेल्या बाहुलीचे कपडे लॉराने शिवले होते. ३ मार्च १८८७ ला ॲन हेलनच्या गावी, टस्कंबियाला पोचली तेव्हा ती वीस वर्षांची होती आणि हेलनला सात पूर्ण व्हायचे होते.

पाण्याच्या पंपाखाली हेलनला शब्दाचा अर्थ उमगला तो प्रसंग सगळ्यांना पाठ आहे. मला त्याच्यानंतरची गोष्ट जास्त मोलाची वाटते. ॲनने घरातल्या पंधरा महिन्यांच्या एका बाळाकडे पाहिलं. त्या बाळाला कुणी शब्द शिकवायला बसत नव्हतं, तरी त्याला कितीतरी कळत होतं, कारण सगळे त्याच्याशी सतत पूर्ण वाक्यांत बोलत होते. मग ॲनने धड्यांची वेळ मोडीत काढली आणि हेलनच्या हाताशी दिवसभर पूर्ण वाक्यांत बोलायला लागली, तिला समजो वा न समजो. आपण तान्ह्या बाळाशी बोलतो तसं. आजही या क्षेत्रातल्या प्रशिक्षणात हाच धडा पुन्हा पुन्हा गिरवावा लागतो, कारण विशेष शिक्षकाला एकेक शब्द घोटून घेण्याची ओढ असते. ॲनपाशी पदविका नव्हती. तिच्यापाशी लॉराची सोबत होती, हाव यांची टिपणं होती आणि बघून शिकण्याची वृत्ती होती. हे काम एका माणसाकडून दुसऱ्याकडे हातानेच जातं, घराण्याच्या गायकीसारखं.

एका शिक्षिकेच्या तपश्चर्येवर चालणारं हे काम अभ्यासक्रमात बसवणं भाग पडलं ते एका साथीमुळे. गरोदरपणाच्या सुरुवातीला आईला रुबेला झाला तर बाळाचे डोळे, कान आणि हृदय यांवर घाला पडतो. मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या बाळांच्या आयांशी बोलताना ऑस्ट्रेलियाचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्या हे लक्षात आलं आणि त्यांनी १९४१ मध्ये ते मांडलं. १९६४-६५ च्या साथीत एकट्या अमेरिकेत सुमारे २०,००० बाळं या दोषांसह जन्मली. एकेका मुलामागे एकेक ॲन सलिव्हन कुठून आणणार? मग सरकारी केंद्रं उभी राहिली आणि शिक्षकांना हे काम शिकवणारे वर्ग सुरू झाले. आपल्याकडे गोवर-रुबेलाची लस २०१७ पासून देशभर देण्याचं ठरलं, आणि महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये ९ महिने ते १५ वर्षं वयाच्या मुलांसाठी शाळाशाळांतून मोहीम झाली. त्या वेळी अफवांना घाबरून मुलांना घरी ठेवणाऱ्या पालकांना एखादं रुबेलाग्रस्त मूल भेटलं असतं तर बरं झालं असतं.

अमेरिकेतल्या त्या साथीच्या काळातच नेदरलँड्समधल्या सिंट मिखील्सखेस्टल या गावी यान फान डाइक रुबेलाग्रस्त मुलांसोबत काम करत होते. त्यांनी भाषेच्या मागे जाऊन हालचालीपासून सुरुवात केली. मूल डोलतंय तर त्याच्या पाठीला पाठ लावून आपणही डोलायचं. मग एकदम थांबायचं. मुलाने अंग किंचित हलवून ‘अजून’ म्हटलं की पुन्हा सुरू करायचं. ते किंचित हलणं हाच त्याचा पहिला शब्द. शिकाऊ शिक्षकांना चित्रफिती दाखवून हाच क्षण शोधायला लावतात. पहिल्यांदा पाहताना तो हमखास निसटतो, दुसऱ्यांदा दिसतो, आणि मग आपण रोज असे किती शब्द न ऐकता सोडून देत होतो याची जाणीव होते.

फान डाइकांमुळे रूढ झालेली दुसरी गोष्ट म्हणजे दिनक्रमाचे कप्पे. एका ओळीत चार-पाच खोके, प्रत्येकात एक वस्तू. अंघोळीसाठी टॉवेलचा तुकडा, जेवणासाठी चमचा, बाहेर जाण्यासाठी चप्पल. मूल पहिल्या कप्प्यातली वस्तू उचलतं, ते काम होतं, आणि वस्तू शेवटच्या ‘झालं’च्या खोक्यात टाकली जाते. ज्याला घड्याळ दिसत नाही आणि स्वयंपाकघरातली चाहूल ऐकू येत नाही, त्याच्या हाती यातून ‘आत्ता’ आणि ‘नंतर’ येतं. वस्तू मात्र मुलाच्या अनुभवातली हवी. ते ज्या चमच्याने रोज वरणभात खातं तोच चमचा ठेवायचा. खेळण्याच्या दुकानातून आणलेली चमच्याची छोटी प्रतिकृती त्याला काहीच सांगत नाही. ती आपल्याला चमच्यासारखी दिसते, त्याच्या हाताला फक्त प्लास्टिकचा तुकडा लागतो.

माणसांचंही तसंच. प्रत्येकाला स्पर्शाने कळणारी खूण हवी. आईची खूण तिच्या बांगड्या, एका बाईंची खूण मनगटावरचं घड्याळ, सरांची खूण दाढी. खूण ठरली की रोज तीच. त्या बाईंनी एखाद्या दिवशी हौसेने घड्याळाऐवजी कडं घातलं तर मुलाच्या दृष्टीने त्या दिवशी कुणी परकंच आलेलं असतं. जवळ जाताना आधी खांद्याला किंवा दंडाला हलका स्पर्श, तिथून हात घसरत त्याच्या हातापर्यंत, मग आपली खूण. निघतानाही सांगून निघायचं, आणि माणसाला खोलीच्या मधोमध उभं सोडायचं नाही. भिंत, खुर्ची, टेबल, कशाचा तरी आधार त्याच्या हाताला देऊनच दूर व्हायचं. नखं कापलेली हवीत. ज्याला थोडं दिसतं त्याच्याशी खुणांनी बोलताना आपल्या त्वचेच्या रंगाहून वेगळ्या रंगाचा साधा सदरा हवा, आणि उजेड आपल्या चेहऱ्यावर पडेल असं उभं राहायला हवं. खिडकीकडे पाठ करून उभं राहिलं की तो फक्त एक काळी आकृती पाहतो. लहान वाटणाऱ्या या गोष्टींवर समोरच्याचा अख्खा दिवस अवलंबून असतो.

भारतात हे काम मुंबईत रुजलं. बेरोज वाच्छा यांनी १९७७ मध्ये बधिर आणि बधिरांध मुलांसाठी हेलन केलर संस्था सुरू केली. देशातली ही अशा प्रकारची पहिली शाळा. भायखळ्याला ना. म. जोशी मार्गावर, एस ब्रिजजवळ, महानगरपालिकेच्या शाळेच्या तळमजल्यावर ती चालत आली. पुढे नवी मुंबईत महापे इथेही तिचं केंद्र झालं. गिरण्यांच्या भोंग्यांच्या आणि लोकलच्या खडखडाटाच्या भागात, ज्यांना त्यातलं काहीच ऐकू येत नाही अशा मुलांना घेऊन बसणाऱ्या शिक्षकांची एक पिढी इथे तयार झाली. मुलांना शिकवता शिकवता शिक्षकांना शिकवणं हेही संस्थेचं मोठं काम झालं. १९९७ मध्ये अखिल पॉल यांनी अहमदाबादला सेन्स इंटरनॅशनल इंडिया सुरू केली आणि राज्याराज्यांतल्या छोट्या संस्थांतल्या शिक्षकांना हाताशी धरून हे ज्ञान गावांकडे नेलं. तिने बांधलेल्या तीन जाळ्यांची नावंच बोलकी आहेत: प्रौढ बधिरांधांचं ‘उडान’, पालकांचं ‘प्रयास’ आणि शिक्षकांचं ‘अभिप्रेरणा’. चेन्नईजवळ मुट्टुकाडूला २००५ पासून बहुविकलांगांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. एवढ्या मोठ्या देशाला हे फार थोडं आहे, पण शून्य नाही.

प्रशिक्षणात डोळ्यांवर पट्टी आणि कानांत बोळे घालून वावरण्याचा एक तास जवळजवळ सगळीकडे असतो. जिना उतरायचा, ताटातलं जेवायचं, अनोळखी हात ओळखायचे. त्याचा उपयोग आहे. न सांगता घास तोंडाशी आला की काय होतं हे एकदा अंगाला कळलं की माणूस ते दुसऱ्याला करत नाही. पण या तासावर फार विसंबू नये असं माझं मत आहे. वीस मिनिटांच्या पट्टीत भीती कळते, जगणं कळत नाही. पट्टी काढल्यावर शिकाऊ माणूस ‘बिचारे’ म्हणून उसासा टाकत असेल तर तो तास वाया गेला. जन्मभर स्पर्शाने जगणाऱ्याच्या बोटांना जी तयारी असते ती पट्टी बांधलेल्याच्या बोटांत कुठून येणार? म्हणून प्रशिक्षक म्हणून बधिरांध व्यक्तीच हवी.

हे अमेरिकेतल्या सिॲटलच्या बधिरांधांनी दाखवून दिलं. २००७ च्या सुमारास जेलिका नुचियो आणि एजे ग्रँडा यांनी दुभाषांना बाजूला सारून आपापसांत थेट स्पर्शाने बोलायला सुरुवात केली, आणि त्यातून ‘प्रोटॅक्टाइल’ नावाची बोलण्याची रीत उभी राहिली. तिच्यातली एक गोष्ट आपल्याला लगेच समजेल. आजी गोष्ट सांगताना नातवंडांनी हुंकार द्यायचा असतो; हुंकार थांबला की पोरं झोपली असं समजून गोष्टही थांबते. बधिरांध माणूस बोलत असतो तेव्हा त्याला समोरच्याची मान हललेली दिसत नाही, ‘हं’ ऐकू येत नाही. तो भिंतीशी बोलत असतो. प्रोटॅक्टाइलमध्ये ऐकणाऱ्याचा एक हात सतत बोलणाऱ्याच्या मांडीवर किंवा गुडघ्यावर असतो आणि बोटांनी थापटत राहतो: कळलं, हो, अरे वा, पुढे बोल. हा बोटांचा हुंकार. डोळस तज्ज्ञांना इतकी वर्षं जे सुचलं नव्हतं ते ज्यांना गरज होती त्यांनी शोधलं.

जपानमधलं उदाहरणही असंच. सातोशी फुकुशिमा नवव्या वर्षी अंध झाले, अठराव्या वर्षी बधिर. १९८१ मध्ये एके दिवशी काही सांगायचं होतं आणि जवळ ब्रेलचं यंत्र नव्हतं, तेव्हा त्यांच्या आईने त्यांची बोटंच यंत्राच्या कळा समजून दाबली. ब्रेलच्या यंत्राला सहा बिंदूंच्या सहा कळा असतात, प्रत्येक हाताला तीन. आपल्या भारती ब्रेलमध्ये ‘क’ म्हणजे पहिला आणि तिसरा बिंदू, म्हणजे डाव्या हाताची तर्जनी आणि अनामिका एकदम दाबली की झाला ‘क’. त्यात उजवी तर्जनी मिळवली की ‘म’. सवय झालेले लोक बोलण्याच्या वेगाने असं सांगू शकतात. याच बोटांच्या ब्रेलने शिकत फुकुशिमा २००८ मध्ये तोक्यो विद्यापीठात प्राध्यापक झाले. पद्धत आईने शोधली, पण फुकुशिमांसोबत वर्गात, सभांत, प्रवासात बसायला प्रशिक्षित दुभाषे होते म्हणून ती विद्यापीठापर्यंत पोचली.

आपलं घोडं इथेच अडलं आहे. शाळेतल्या मुलासाठी विशेष शिक्षकाचा अभ्यासक्रम आहे, पण शाळा सुटल्यावर? कॅनडात जॉन मॅकिनिस यांच्यासारख्या शिक्षकांनी ‘इंटरव्हेनर’ ही कल्पना रुजवली. शिक्षक नव्हे, आया नव्हे, दुभाषाही नव्हे, तर आजूबाजूला काय चाललं आहे ते बधिरांध माणसाला सांगणारा आणि निर्णय त्याचा त्याला घेऊ देणारा माणूस. जे करायचं ते त्याच्यासाठी करायचं नाही, त्याच्यासोबत करायचं, हे त्यांचं सूत्र. बाजारात गेल्यावर इंटरव्हेनर भाजी निवडत नाही. वांगी कुठे आहेत, भाव काय, भाजीवाली हसते आहे की वैतागली आहे, हे तो हातावर सांगतो. आपल्याकडे हे काम आई करते, म्हातारी होईपर्यंत. बहीण करते, लग्न होईपर्यंत. पगार देऊन, शिकवून, सन्मानाने हे काम करणाऱ्यांचा पेशा उभा राहिल्याशिवाय बधिरांध माणूस घराच्या उंबऱ्याबाहेर पडणार नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने बधिरांधत्वाचं नाव यादीत घातलं. १९९५ च्या कायद्यातल्या सात प्रकारांत ते नव्हतं. सरकारी नोकऱ्यांतल्या ४ टक्के आरक्षणातल्या शेवटच्या १ टक्क्यात इतर अनेकांसोबत त्यांचीही जागा धरली आहे. नोकरीच्या मुलाखतीला सोबत कोण येणार, याची तरतूद या आरक्षणाने होत नाही.

महाराष्ट्राशी जोडलेली एक गोष्ट कर्णबधिर शाळांतल्या शिक्षकांना मुद्दाम सांगायची आहे. अशर सिंड्रोम हा आनुवंशिक आजार आहे. मूल जन्मतः बधिर असतं किंवा त्याला कमी ऐकू येतं, आणि शाळकरी वयात किंवा त्यानंतर डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी होऊ लागतो. दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आलं तरच हा आजार होतो, म्हणून नात्यात लग्नं होतात तिथे त्याचा धोका वाढतो, आणि मामाच्या मुलीशी लग्न ही आपल्याकडे कित्येक घरांत अजून चालत आलेली रीत आहे. नजर एकदम जात नाही. आधी संध्याकाळी दिसेनासं होतं, मग कडेचं दिसत नाही. संध्याकाळचा खेळ सुरू झाला की हे मूल कडेला जाऊन बसतं. उन्हातून वर्गात आलं की दाराशी अडखळतं. बाजूने आलेला चेंडू त्याला लागतो. खुणांनी बोलताना ते एक पाऊल मागे सरकतं, कारण जवळून समोरच्याचे हात त्याच्या दृष्टीच्या चौकटीत मावत नाहीत. घरी आणि शाळेत याला धांदरटपणा म्हणतात. वेळेत ओळखलं तर नजर शाबूत आहे तोवर ब्रेल शिकता येतं, पांढरी काठी हाती घेता येते, हातावर बोलायची सवय लावता येते. नजर गेल्यावर हे सगळं एकदम शिकणं फार जड जातं.

तेव्हा कर्णबधिर शाळेत शिकवणाऱ्या प्रत्येकाला विनंती आहे. वर्गातल्या प्रत्येक मुलाचे डोळे नेत्रतज्ज्ञाकडून दर वर्षी तपासून घ्या आणि रातांधळेपणाबद्दल नाव घेऊन विचारा. अंधशाळेतल्या शिक्षकांनी कानांची तपासणी तशीच करून घ्यावी. तुमच्या गावात, वाडीत, नात्यात असं एखादं मूल घराच्या कोपऱ्यात बसून असेल तर भायखळ्याच्या किंवा अहमदाबादच्या संस्थेला एक पत्र टाका. आणि विशेष शिक्षणाकडे वळू पाहणाऱ्या तरुणांनो, या क्षेत्रात माणसं फार कमी आहेत. एकेका मुलाला एकेक माणूस लागतो.